शके १८४० चा ताप: १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, गोव्यातून बघताना

गोव्याच्या जनगणनेचे जुने आकडे कधी नजरेखालून घातलेत का? १९१० साली पोर्तुगीज अमलात मोजणी झाली तेव्हा आजच्या गोव्यात ४ लाख ८६ हजार ७५२ माणसं होती. पुढची मोजणी १९२१ ला, आणि तेव्हा आकडा आला ४ लाख ६९ हजार ४९४. म्हणजे मधल्या काळात लग्नं झाली, बाळंतपणं झाली, पोरं वाढली आणि एवढं होऊनही १७ हजारांवर माणसं कमी. साडेतीन टक्के घट. त्याच सुमाराला आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतली लोकसंख्या २.९१ टक्क्यांनी कमी झाली आणि आख्ख्या भारताची ०.३१ टक्क्यांनी. १९०१ पासूनचा तक्ता काढून बघा, त्यात देशाच्या आकड्यापुढे उणे चिन्ह फक्त या एकाच दशकात दिसतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं १९२१ ला 'महाविभाजन वर्ष' म्हणून पाठ करतात, कारण त्यानंतर भारताची लोकसंख्या वाढतच गेली. पण ते वर्ष तसं का ठरलं, त्याच्या आधी नक्की काय झालं होतं, हे त्यांना फारसं कोणी सांगत नाही.

झालं होतं ते असं की १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. घाटावर तिला मानमोडी म्हणायचे. जगात मेलेल्यांचा आकडा साधारण ५ कोटी धरतात, कोणी कमी सांगतं कोणी १० कोटींपर्यंत नेतं. त्यातले एकट्या भारतातले १ कोटी २० लाख ते २ कोटी. पहिल्या महायुद्धात आपले ७४ हजारांच्या आसपास सैनिक गेले, त्यांच्यासाठी दिल्लीला इंडिया गेट आहे, त्यावर नावं कोरलीयत आणि ते योग्यच आहे. तापाने त्याच्या १६० ते २७० पट माणसं गेली, त्यांच्यासाठी दगडसुद्धा नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गोव्याची ती सगळी घट तापाने झाली असं कोणी म्हणू नये. त्या काळात माणूस पोटासाठी मुंबईला, आफ्रिकेला, बोटीवर जायचा आणि तिथेच राहायचा, शिवाय प्लेग, देवी, कॉलरा हे पाचवीला पुजलेलेच होते. पण आपल्या शेजारचा मुलूख त्याच काळात त्याच प्रमाणात खाली आला हे बघितल्यावर या तापाचा हात त्यात केवढा मोठा असणार हे कळतं.

आता हा ताप होता काय? नाव पडलं स्पॅनिश फ्लू, पण तो स्पेनमधून आला नाही. युद्धात उतरलेल्या देशांनी बातम्या दाबल्या, सैन्य आजारी आहे हे शत्रूला कळू नये म्हणून. स्पेन तटस्थ होता, तिथले पेपर मोकळेपणाने छापत होते आणि मे १९१८ मध्ये तिथला राजा तेरावा अल्फोन्सोच आजारी पडला, मग सगळ्यांना वाटलं रोग तिथलाच. मार्च १९१८ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात कॅम्प फन्स्टन नावाच्या लष्करी छावणीत शेकड्याने जवान आजारी पडले, सुरुवातीच्या पक्क्या नोंदी तिथल्या. तिथून सैन्य बोटींनी फ्रान्सला, आणि सैन्य जाईल तिथे ताप.

साथीच्या तीन लाटा आल्या. पहिली १९१८ च्या उन्हाळ्यात, तशी सौम्य. दुसरी ऑगस्टअखेरीस सुरू झाली आणि तिनेच होत्याचं नव्हतं केलं. फ्रान्समधलं ब्रेस्ट, अमेरिकेतलं बॉस्टन आणि आफ्रिकेतलं फ्रीटाउन, तीन खंडांतल्या या तीन बंदरांत ती जवळजवळ एकाच वेळी उफाळली. तिन्ही बंदरंच, हे लक्षात ठेवा. तिसरी १९१९ च्या सुरुवातीची, मधल्या ताकदीची.

मुंबईत पहिली लाट मेअखेरीस आली. १० जूनला गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने हॉस्पिटलात दाखल झाले. मग गोदीतले कामगार, मग पोस्ट, गिरण्या, बँका. शहराचे आरोग्य अधिकारी टर्नर म्हणत होते की रोग सैन्याच्या बोटीतून आलाय, सरकारी बाजू म्हणत होती की बोटीवरच्या लोकांना तो मुंबईतच लागला. हा वाद चालू असताना रोग आगगाडीत बसून पुढेही गेला. जुलै संपता संपता ती लाट ओसरली आणि लोकांना वाटलं सुटलो.

सप्टेंबरात दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ ला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं मेली. तो दिवस म्हणजे पितृपंधरवडा नुकताच संपलेला, घट बसण्याचा सुमार. मुंबई इलाख्यात सगळे मिळून १० लाखांवर गेले. पुढे रोग उत्तरेला आणि पूर्वेला सरकत गेला आणि बंगालकडे पोचेपर्यंत त्याची धार बरीच कमी झालेली होती. सगळ्यात जास्त मार पश्चिमेने खाल्ला, म्हणजे मुंबई इलाखा, मध्य प्रांत, वऱ्हाड हा सगळा आपला पट्टा.

इथे गोव्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. राज्य पोर्तुगालचं, कायदा वेगळा, सरहद्दीवर नाकं, जकात, सगळं वेगळं. पण पोट मुंबईला बांधलेलं. मुरगाव बंदरातून कॅसल रॉकपर्यंत मीटरगेज रेल्वे १८८० च्या दशकातच झाली होती, पुढे लोंड्याहून एक वाट पुण्या-मुंबईला आणि एक हुबळीकडे. दुसरी वाट आगबोटीची, मुंबईहून रत्नागिरी, वेंगुर्ला करत पणजी. तिसरी सावंतवाडी, पेडणे, डिचोली अशी पायवाटांची आणि बैलगाड्यांची. ज्या वाटांनी तांदूळ आणि मनिऑर्डर यायची त्याच वाटांनी खोकला येणार, दुसरी सोय नव्हती. गोव्यात पिकणारा तांदूळ गोव्याला वर्षभर पुरत नव्हता, बाहेरून आणावा लागायचा, त्यामुळे नाकी बंद करून बसलो असतो असं आज म्हणणं सोपं, तेव्हा करणं अवघड होतं.

वेळेचा हिशेब बघा, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पहिली लाट आली जून-जुलैत, तेव्हा किनाऱ्यावरची बोट पावसामुळे बंद असायची, समुद्र खवळलेला. दुसरी लाट उठली सप्टेंबरात, म्हणजे नारळी पौर्णिमा होऊन गेली, समुद्र निवळला, बोटी परत चालू. त्या वर्षी चतुर्थीही सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच होती. चतुर्थीला मुंबईचा गोंयकार घरी येतो हे काही सांगायला नको, नोकरीत सुट्टी नाही मिळाली तर नोकरी सोडून येणारे आजही आहेत. मग दसरा, मग दिवाळी. जीवघेणी लाट आणि घरी जाण्याचे दिवस एकमेकांवर असे बसले होते.

आणि मुंबईत ही माणसं राहायची कशी? माझगाव, धोबीतलाव, काव्हेल या भागांत गोव्याच्या ख्रिस्ती लोकांच्या कुडी होत्या, एकेका गावाची एकेक कूड. एक लांब खोली, भिंतीला लागून ओळीने पत्र्याच्या पेट्या, प्रत्येक पेटीवर मालकाचं नाव, एका कोपऱ्यात आल्तार म्हणजे प्रार्थनेची वेदी, रात्री मधल्या जागेत चटया टाकून माणसाला माणूस लागून झोपणार. तारवटी म्हणजे बोटीवर काम करणारे, त्यांचा तर हाच मुक्काम, एक बोट सोडली की पुढची मिळेपर्यंत इथेच. हिंदू नोकरदार गिरगावात चाळीत, एका खोलीत सहा-आठ जण, खानावळीत एका पंगतीला. इन्फ्लुएंझा पसरतो तो खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून, जवळच्या श्वासातून, आणि लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत माणूस आजारी पडतो, त्यातही ताप चढायच्या एक दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याला द्यायला लागतो. म्हणजे बोटीत चढताना धडधाकट असलेला माणूस घरी पोचेपर्यंत रोग वाटत आलेला असू शकतो. कूड आणि चाळ यांच्याइतकी सोयीची जागा या व्हायरसला दुसरी कुठली मिळाली असती?

आता थोडं आतलं. व्हायरसचं नाव एच१एन१. इन्फ्लुएंझाचा व्हायरस स्वतःच्या नकला करताना सतत चुका करतो, त्यामुळे त्याचं रूप दरवर्षी थोडं थोडं बदलतं आणि आपल्या शरीराला तो अर्धवट ओळखीचा वाटतो. पण कधीतरी पक्ष्यांमधल्या व्हायरसचे तुकडे मिसळून एकदम नवीन रूप तयार होतं जे बहुतेक माणसांच्या शरीराने पाहिलेलंच नसतं, तेव्हा जगभर साथ येते. १९१८ ला तसंच काहीतरी झालं असावं.

ज्यांना झाला त्यातले बहुतेक बरे झाले, हेही सांगायला हवं. तीन-चार दिवस सणकून ताप, अंग ठेचल्यासारखं दुखणं, मग अशक्तपणा आणि मग सुटका. पण काहींचं तिसऱ्या-चौथ्या दिवशी बिघडायचं. व्हायरस श्वासनळीचं आणि फुप्फुसांचं आतलं अस्तर खरवडून टाकतो. आपल्याकडे खाजन शेतात बांधाला भगदाड पडलं की खारं पाणी आत शिरतं आणि शेत कामातून जातं, तसं हे अस्तर गेलं की नाका-घशात एरवी गप्प बसून असलेले बॅक्टेरिया खाली उतरतात आणि न्यूमोनिया होतो. १९१८ मधले बहुतेक मृत्यू या दुसऱ्या हल्ल्याने झाले, नंतर जपून ठेवलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांचा अभ्यास करून हे सिद्ध केलंय. फुप्फुसात पाणी भरत गेलं की रक्ताला ऑक्सिजन मिळत नाही, ओठ, कान, गाल निळे-जांभळे पडतात, आणि त्या काळच्या डॉक्टरांना तो रंग दिसला की पुढे काय होणार हे कळायचं. पेनिसिलिनचा शोधच १९२८ चा, औषध म्हणून हातात यायला १९४० चं दशक उजाडलं. २०२१ च्या मे महिन्यात ऑक्सिजनसाठी धावपळ केलेल्या गोव्याला तो निळा रंग म्हणजे काय हे वेगळं समजवायची गरज नाही.

आणखी एक. तेव्हाच्या डॉक्टरांना आपण कोणाशी लढतोय हेच माहीत नव्हतं. जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर याने १८९२ मध्ये एक बॅक्टेरिया शोधून हाच इन्फ्लुएंझाचा जंतू असं सांगितलं होतं, त्यामुळे १९१८ मध्ये लसी बनल्या त्यातल्या बऱ्याच त्याच्याविरुद्ध. माणसातला इन्फ्लुएंझाचा खरा व्हायरस सापडला १९३३ मध्ये. तोपर्यंत क्विनाइन, ॲस्पिरिन, निलगिरीचं तेल, गुळण्या, हवेशीर झोपा. आपल्या घरांमधला काढा आणि पेज याहून वाईट नव्हती, उलट पेजेबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय.

साधा फ्लू मारतो लहान बाळांना आणि म्हाताऱ्यांना. या साथीने मारले २० ते ४० वयातले. असं का, यावर दोन स्पष्टीकरणं आहेत. एक असं की तरुण शरीराची प्रतिकारशक्ती इतक्या जोराने उलटली की तिनेच फुप्फुसांची नासाडी केली. दुसरं असं की म्हाताऱ्यांनी त्यांच्या लहानपणी याच्यासारखाच एखादा व्हायरस झेललेला होता, म्हणून ते थोडे वाचले. दोन्हींत तथ्य असावं. पण घरात त्याचा अर्थ काय होतो? कमावणारा पडला, रांधणारी पडली, विहिरीवरून पाणी आणणारी पडली, सगळे एकाच आठवड्यात. आजारी माणसाला दर दोन तासांनी घोटभर कोमट पाणी, दिवसातून तीनदा मीठ घातलेली पेज, अंग पुसायला ओलं फडकं आणि अंथरुणातून उठू न देणारं कोणीतरी, एवढं मिळालं तर बरेच वाचत होते. रोगावर औषध नसताना सेवा हेच औषध होतं. ज्या घरात चुलीपाशी उभं राहायला कोणीच उरलं नाही तिथे माणसं रोगाइतकीच तहानेने आणि उपासाने गेली. उरली ती म्हातारी आणि पोरं.

म्हणूनच व्हायरस एक असूनही मरण सगळ्यांना सारखं आलं नाही. मुंबईचे १९१८ चे आकडे बघा. तिथल्या युरोपियन लोकांत हजारी साधारण ८ जण मेले. पारशांत ९. आणि सरकारी कागदात ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' असं लिहिलंय त्यांच्यात हजारी ६१. एकच शहर, एकच वर्ष, हवा तीच. सात-आठ पट फरक. हा फरक व्हायरसने केला नाही. तो केला खोलीत किती माणसं झोपतात याने, नळ किती लांब आहे, पोटात काय आहे, आजारी पडल्यावर घरी बसलं तर उद्याची मजुरी जाते का, आणि डॉक्टर दारात येतो का नाही, याने. मला हे आकडे पहिल्यांदा कळले तेव्हा राग आला होता, आणि आजही येतो.

बायकांचंही तेच. भारतात या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या, बऱ्याच देशांत उलटं होतं. घरातलं दुखणं काढायचं बाईने, म्हणजे रोग्याच्या तोंडाजवळ तोंड तिचंच, जेवायचं सगळ्यांच्या शेवटी आणि उरलं तर, आणि ती पडली की तिचं दुखणं काढणार कोण? त्यात गरोदर बायांना हा ताप फारच जड गेला. १९१९ मध्ये देशभरात जन्मांची संख्याही एकदम खाली आली. जे मेले ते मोजले जातात, जे जन्मलेच नाहीत त्यांना कोण मोजतंय.

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं, इथे तर अक्षरशः दुष्काळच. १९१८ चा पाऊस देशभरात फारच कमी पडला, गेल्या दीडशे वर्षांतल्या सगळ्यात वाईट पावसाळ्यांत तो मोडतो. धान्य महाग, कापड महाग, रॉकेल महाग, युद्धासाठी माल आणि रेल्वेचे डबे आधी सैन्याला. जिथे बाहेरून येणाऱ्या तांदळावर चूल पेटते तिथे मुंबईच्या बाजारात भाव चढला की त्याची झळ पणजी-म्हापशाच्या बाजाराला लागणारच. वर ऑक्टोबर म्हणजे सरदाच्या, म्हणजे पावसाळी, भाताच्या कापणीचे दिवस, आणि विळा धरणारे हात नेमके २० ते ४० वयाचे. देशात कितीतरी ठिकाणी शेतं कापायला आणि पुढच्या हंगामाची पेरायला माणसं नव्हती.

सरकारने काय केलं? ब्रिटिश सरकारने खरं सांगायचं तर फारच थोडं. बरेच डॉक्टर युद्धावर पाठवलेले. शिवाय १८९७ च्या प्लेगची धास्ती होती, घरात घुसून तपासण्या केल्या त्यावरून पुण्यात रँडचा खून झाला होता, त्यामुळे यावेळी सक्तीच्या वाटेला फारसं कोणी गेलं नाही, पण सक्ती नको म्हणजे मदतही नको असा अर्थ कसा होतो? जे काही उभं राहिलं ते लोकांनी. मुंबईत ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था, जातीजातींची मंडळं, कॉलेजातली पोरं, यांनी दवाखाने काढले, दूध आणि औषध घरोघर पोचवलं. यातून माणसं जोडली गेली आणि इंग्रजांबद्दलचा राग वाढला, पुढच्याच वर्षी रौलट कायद्याविरुद्ध देश पेटला त्यामागे ही जखमही होती असं मानणारे इतिहासकार आहेत.

जाता जाता गांधीजींबद्दल, कारण हे सारखं फिरत असतं. गांधीजींना १९१८ मध्ये स्पॅनिश फ्लू झाला होता असा मेसेज तुम्हालाही आला असेल. त्या वर्षी ते मरणाच्या दारातून परत आले हे खरं, पण स्वतः त्यांनी आत्मकथेत ते दुखणं आमांशाचं असल्याचं लिहून ठेवलंय. त्यांच्या घराला फ्लू लागला तो वेगळ्या ठिकाणी, मोठा मुलगा हरिलाल याची बायको गुलाब आणि तिचं एक मूल या साथीत गेलं. हिंदी कवी निराला यांची बायको आणि घरातली बरीच माणसंही याच साथीत गेली.

आता पोर्तुगालकडे वळतो, कारण त्या वेळी आपला कारभार लिस्बनला बांधलेला होता. तिथे या साथीला 'प्नेउमोनिका' म्हणायचे. रिकार्दो जॉर्ज हे आरोग्य खात्याचे प्रमुख, नावाजलेले डॉक्टर, त्यांनी दवाखाने उभे करायची खटपट केली, पण युद्धाने पोखरलेल्या त्या छोट्याशा देशात हजारोंनी माणसं गेली. म्हणजे इथल्या गरिबाला मदत पाठवणारा मायदेशच खाटेवर पडलेला. पणजीत १८४२ पासूनची वैद्यकीय शाळा होती, इथेच शिकलेले डॉक्टर होते ही जमेची बाजू, पण गावोगाव चिखल तुडवत आणि होडीने खाड्या ओलांडत ते पोचणार किती ठिकाणी?

आणि एक गोष्ट आपण गोव्यात रोज बघतो पण लक्षात येत नाही. चर्चच्या आवारात फातिमा सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची, मूर्ती असते आणि तिच्यापुढे गुडघे टेकलेली तीन मेंढपाळ पोरं. १९१७ मध्ये पोर्तुगालातल्या फातिमा गावी या तिघांनी दर्शन झाल्याचं सांगितलं. त्यातली दोन भावंडं, फ्रान्सिस्को आणि जासिंता, पुढच्याच वर्षी, १९१८ च्या शेवटाला, याच फ्लूने आजारी पडली. फ्रान्सिस्को एप्रिल १९१९ मध्ये गेला, वय १०. जासिंताला फुप्फुसाच्या आवरणात पू झाला, लिस्बनला नेऊन बरगड्या काढून ऑपरेशन केलं, आणि फेब्रुवारी १९२० मध्ये तीही गेली, वय ९. फ्लू मागे काय ठेवून जातो आणि त्याचा त्रास किती महिने चालतो हे समजून घ्यायला जासिंताचं उदाहरण पुरेसं आहे. २०१७ मध्ये पोपनी दोघांना संतपद दिलं. या साथीत गेलेल्यांचं स्मारक गोव्यात कुठे दिसत असेल तर ते या मूर्तींमध्येच, फक्त आपण ते तसं बघत नाही.

बंद करून वाचता आलं असतं का, या प्रश्नाला एक खरं उत्तर पॅसिफिक महासागरात आहे. सामोआची बेटं दोन सत्तांत वाटलेली होती. पश्चिम सामोआ न्यूझीलंडकडे, तिथे नोव्हेंबर १९१८ मध्ये तालुने नावाची बोट आजारी उतारू घेऊन लागली, कोणी अडवली नाही, आणि थोड्याच आठवड्यांत बेटावरचा साधारण पाचवा हिस्सा लोक मेले. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नरने बोटींवर कडक क्वारंटाइन लावला, तिथे त्या साथीत एकही मृत्यू नाही. गोव्याला हे जमलं नसतं असं मला वाटतं, जमिनीने जोडलेला मुलूख, रेल्वे, तांदूळ, रोजचं जाणं-येणं. पण बोट धक्क्याला लागताना आजाऱ्यांना वेगळं ठेवणं, आणि घराघरांत पेज पोचवणं, याने फरक पडला असता, कारण जिथे केलं तिथे पडला.

तो व्हायरस नंतर सापडला कसा हेही भारी आहे. अलास्कात ब्रेव्हिग मिशन नावाच्या वस्तीत नोव्हेंबर १९१८ मध्ये ८० मोठ्या माणसांपैकी ७२ माणसं गेली आणि बर्फाळ जमिनीत एकत्र पुरली गेली. योहान हुल्टिन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये तिथे उकरून बघितलं, जमलं नाही. १९९७ मध्ये वयाच्या सत्तरीत तो वस्तीच्या वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन परत गेला, एका बाईचं फुप्फुस टिकलेलं मिळालं, आणि ते आणि लष्कराच्या संग्रहातले जुने नमुने यांवरून जेफरी टॉबेनबर्गर यांच्या टीमने व्हायरसची सगळी रचना वाचून काढली, २००५ मध्ये ती पूर्ण झाली. आज आपल्याकडे पावसात येणारा एच१एन१, ज्याला अजूनही लोक स्वाइन फ्लू म्हणतात, तो त्याच व्हायरसचा लांबचा वंशज. फ्लूची लस दरवर्षी बदलते त्याचं कारणही तेच, नकला करताना होणाऱ्या चुका. घरात म्हातारी माणसं, गरोदर बाई, दम्याचं किंवा शुगरचं कोणी असेल तर पावसाळ्याआधी डॉक्टरांना लसीबद्दल जरूर विचारा.

आपल्या स्वतःच्या घरात ही साथ शोधायची असेल तर तेही करता येतं. इंग्रजी १९१८ चा ऑक्टोबर म्हणजे शके १८४०, आश्विन. कुलवृत्तान्त असेल, देवघरातल्या जुन्या चोपडीत श्राद्धाच्या तिथी लिहिलेल्या असतील, तर शके १८४० च्या भाद्रपद ते मार्गशीर्षातल्या तिथी बघा, एका घरात दोन-तीन तिथी जवळजवळ लागून आहेत का. ख्रिस्ती घरं असतील तर पारोकियाच्या (पॅरिशच्या) चर्चमधलं मृत्यूनोंदीचं पुस्तक, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर १९१८ ची पानं, आणि आधीच्या वर्षीची तेवढ्याच महिन्यांची पानं शेजारी ठेवून मोजा. पणजीचं पुराभिलेख खातंही आहे, तिथे जुने सरकारी कागद बघायला मिळतात, पोर्तुगीज वाचणारं कोणी सोबत घ्या.

कुलवृत्तान्तात एक अडचण येते, बायकांची नावं बहुतेक वेळा नसतातच, 'पत्नी अमुक घराण्यातील' एवढंच. आणि जास्त गेल्या त्या त्याच. तेव्हा पुरुषांच्या नोंदी वाचताना तिशीच्या आतल्या माणसाचं १९१९ किंवा १९२० मध्ये दुसरं लग्न लागलेलं दिसलं की तिथे थांबा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला पहिलीचं नाव आणि माहेर विचारा. कोणाला आठवत असेल तर लगेच त्याच पानावर लिहून ठेवा, तिची पोरं किती होती आणि ती कोणी वाढवली तेही.